भाडं कोणी भरलं?

सुरतेच्या रिंगरोडवरच्या कापड मार्केटात दुकानाचे हिशेब लिहिणाऱ्याला मेहताजी म्हणतात. मी बरीच वर्षं मेहताजी आहे. जोडीला मराठीत मुलांसाठी खेळाडूंची चरित्रं लिहितो. प्रकाशक या पुस्तकांवर 'प्रेरणादायी' असा शिक्का मारतात आणि दुकानात ती ध्यानधारणा व स्पर्धा परीक्षा यांच्या मधल्या फळीवर जाऊन बसतात. एखाद्या शाळेत किंवा मंडळात बोलायला गेलो की ओळख करून देणारे हमखास "बालपणीच्या गरिबीवर मात करून" अशी सुरुवात करतात. ऐकून घेतो. मनातल्या मनात मात्र त्या वाक्यापुढे लिहितो: रक्कम किती? कोणाच्या खात्यातून?

गरिबीवर मी कसली मात करणार! ज्या वळणावर कोणीतरी पैसे भरले तिथे पुढे सरकलो, जिथे कोणी भरले नाहीत तिथे थांबलो. खेळाडूंच्या बाबतीतही मला आजवर हेच दिसलं आहे.

आमचं मूळ गाव धुळे जिल्ह्यात, शिंदखेडा तालुक्यात. शेत कोरडवाहू, तेही भावाभावांत वाटलेलं. खानदेशातल्या माणसाला पोट भरायला मुंबई-पुण्यापेक्षा सुरत जवळची, कारण ताप्ती लाईन. नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर. गाडी जिथे जिथे थांबते तिथल्या गल्लीगल्लीतलं एखादं घर उधना, लिंबायत नाही तर डिंडोलीत निघतंच. आप्पाही असेच कोणा नातेवाइकाच्या पत्त्यावर आले आणि लूम्सच्या खात्यात कारीगर म्हणून लागले. पाळी बारा तासांची. पंधरा दिवस दिवसाची, पंधरा दिवस रात्रीची. मजुरी मीटरवर. तार तुटली, बीम संपला, वीज गेली की मशीन थांबायचं आणि मजुरीही थांबायची. खडखडाटानं त्यांचे कान लवकर गेले. घरी साधं पाणी मागायचं तरी ओरडून मागायचे, आणि नवा शेजारी आला की त्याला वाटायचं, या घरात रोज भांडणं होतात.

माय घरी साड्यांचं काम करायची. दलाल पोटलं टाकून जायचा. कधी दोरे कापायचे असत, कधी लेस लावायची, कधी पदरावर टिकल्या आणि स्टोन चिकटवायचे. एका खोलीत आम्ही सगळे एका दिव्याखाली पदर मांडीवर घेऊन बसायचो. गोंदाच्या वासानं डोकं चढायचं. साडीमागे ठरलेली मजुरी, पंधरवड्याला हिशेब, आणि डाग पडला की त्या साडीचे पैसे कापलेच. मायला लिहिता येत नव्हतं. दलाल प्रत्येक हिशेबात दोन-चार साड्या गिळायचा आणि वर "बेन, तुमची गणती चुकली" म्हणायचा. मग मी साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर रोजच्या साड्या लिहून ठेवायला लागलो. तारीख, नग, काम कोणतं. पुढच्या हिशेबाला मायनं तो पुठ्ठा त्याच्यासमोर धरला. तो आधी हसला, मग चिडला, मग पैसे मोजून दिले. लोक मला विचारतात, तुमचं पहिलं लेखन कोणतं? ते हेच. आणि त्याचं मानधनही रोख मिळालं. तसं पुढे क्वचितच झालं.

1994 च्या सप्टेंबरात शहरात प्लेगची बातमी पसरली. लोक मिळेल त्या गाडीनं सुरत सोडून निघाले. आम्हीही उधन्याहून गावाकडे गेलो. परत आलो तेव्हा आप्पांची मशीनं दुसऱ्या कारीगराकडे गेली होती, आणि त्या हिवाळ्यात घरात किराणा उधारीवर आला. याहून जास्त त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. गरिबीचे प्रसंग रंगवून सांगणाऱ्या लेखकांना मी पाहिलं आहे. त्यांच्या आयांनी जेवढे उपास केले नसतील तेवढे ते लिहितात.

शाळा महापालिकेची, मराठी माध्यमाची. सुरतेत नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा भाषांतही चालतात. कापडाच्या कारखान्यांनी जितक्या मुलखांतून माणसं आणली, तितक्या भाषांच्या शाळा. घरी अहिराणी, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी, मार्केटात गुजराती. आमच्या मैदानाला गवत नव्हतं, पण खो-खोला गवत लागत नाही. मी खुंट मारण्यात बरा होतो. एकदा बाहेरगावच्या सामन्यांसाठी संघात नाव लागलं. भाडं, जेवण आणि गणवेश मिळून जी रक्कम सांगितली, ती घरात नव्हती. आप्पांनी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. कानावर हात नेऊन ऐकू न आल्याचं दाखवलं. माझ्या जागी दुसरा मुलगा गेला. चांगला खेळायचा तो. पुढे खेळाच्या कोट्यातून त्याला नोकरी लागली आणि त्याच्या घरानं गरिबी खरोखरच मागे टाकली. आम्हा दोघांच्या जिद्दीत फरक असेलही, मी मोजलेला नाही. भाड्याच्या पैशात मात्र होता.

दहावीनंतर मार्केटात लागलो. आधी घड्या घालायचं काम, मग पार्सल, मग चलनं फाडायचं. अक्षर बरं म्हणून मेहताजीच्या हाताखाली बसलो. शेठ गुजराती, जैन, बोलायला तुसडे. कॉमर्सला बाहेरून बसायचं म्हटल्यावर त्यांनी परीक्षेची रजा दिली आणि फीचे पैसे मेहताजींना सांगून परस्पर भरायला लावले. ते कुठल्या खात्यातून गेले, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेलं पाणी तापीला मावलं नाही आणि बहुतेक सुरत पाण्याखाली गेली. मार्केटांतली तळमजल्याची दुकानं बुडाली. पाणी ओसरल्यावर साड्यांचा वास जो सुटला, तो ज्यांनी घेतला त्यांनाच ठाऊक. शेठनी माल बघायचं काम इतरांना दिलं आणि मला जुने चोपडे वाळवायला बसवलं. तोवर हिशेब संगणकावर गेले होते, पण मागच्या कित्येक वर्षांचे लाल कापडी बांधणीचे चोपडे खालच्या माळ्यावर होते. पानं एकमेकांना चिकटलेली. ओढलं की फाटायची. मग एकेक पान पातळ पट्टीनं सोडवायचं, मध्ये वर्तमानपत्र घालायचं, पंख्याखाली ठेवायचं, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र बदलायचं. शाईपेनानं लिहिलेल्या पानांवर निळा ढग तेवढा उरला होता. बॉलपेनचं सगळं टिकलं होतं. त्या दिवसांत मी शेठच्या घराण्याचा सगळा व्यवहार वाचला, एरवी कोणी मला तो वाचू दिला नसता.

त्यातलं एक खातं धर्मादाचं. गुजराती पेढीवर हे खातं असतंच. पांजरापोळ, देरासर, पाणपोई, कोणाचं औषध, कोणाची फी. या नोंदींच्या मध्येच संवत 2037 च्या, म्हणजे 1980-81 च्या चोपड्यात एक ओळ होती: 'छोकराओ खो-खो रमवा जाय तेना भाडा पेटे', आणि पुढे 140 रुपये. कोणती पोरं, कोणत्या शाळेची, कुठे खेळायला गेली, जिंकली की हरली, काही नाही. हे माझ्या शाळेचं भाडं नव्हे. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो, आणि असले योगायोग गोष्टीतच शोभतात. नंतरच्या एका चोपड्यात माझ्या कॉमर्सच्या फीची नोंद सापडली, कबुतरांच्या दाण्याच्या खाली. शेठना विचारलं, तर म्हणाले, "तारीख वाळली का बघ, रक्कम वाळली की नाही बघ, बाकीच्याचं तुला काय काम?"

पण मला काम लागलं ते तिथूनच. खेळाचं वाचायची आवड आधीपासून होती. रद्दीवाल्याकडून संदीप पाटील संपादक असलेल्या 'एकच षटकार'चे जुने अंक आणायचो, मराठी दैनिकांची क्रीडापानं कापून ठेवायचो. वि. वि. करमरकरांचं लेखन वाचताना धावांपलीकडे संघटना, निवड, पैसा हेही खेळाचेच भाग आहेत हे कळत होतं. त्या पावसाळ्यानंतर मी खेळाडूंची चरित्रं वेगळ्या नजरेनं वाचायला लागलो. वही घेतली, देशी नाम्याच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक खेळाडूला समोरासमोरची दोन पानं दिली. डावीकडे जमा, उजवीकडे उधार. मिळालं काय, कोणाकडून. गेलं काय, कशावर.

पहिली दोन पानं पैलवान खाशाबा जाधवांची. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा 1948 ला लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले. तो प्रवास कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं झाला. 1952 ला हेलसिंकीला जायचं तर पैसे उभे करायचे होते. तेव्हा सातारा आणि सुरत एकाच मुंबई राज्यात, मुख्यमंत्री मोरारजी देसाई, आमच्या शेजारच्या वलसाडकडचे. त्यांच्याकडे मदत मागितली तेव्हा स्पर्धा झाल्यावर या, असं उत्तर मिळाल्याचं खाशाबांच्या चरित्रकथेत नेहमी सांगितलं जातं. मग गावानं वर्गणी काढली. आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. खाशाबा बँटमवेट गटात कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला 1996 उजाडलं. शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. इथपर्यंत सगळी पुस्तकं येतात आणि मिरवणुकीत संपतात.

माझ्या वहीत मिरवणुकीला रकाना नाही. पुढचं असं आहे की खाशाबांनी कुस्त्या भरवल्या, त्या खेळले आणि आलेल्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं. मला या माणसाचं सगळ्यात मोठं वाटतं ते हे. पदक जिंकणारे पुष्कळ असतात. पदकासाठी झालेलं देणं कुस्ती खेळून फेडणारा हिशेबी माणूस मी दुसरा वाचलेला नाही. पुढे ते पोलिसात लागले, 1984 मध्ये अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्यांचा 15 जानेवारी हा जन्मदिवस आता महाराष्ट्राचा क्रीडा दिन आहे. खर्डेकरांचं नाव शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आहे. तिथे अभ्यासाला बसणाऱ्या किती पोरांना माहीत असेल की या नावाच्या माणसानं एका पैलवानाच्या तिकिटासाठी घर गहाण टाकलं होतं?

ही गोष्ट मुलांसाठी लिहिली आणि सोबत अजून काही. क्रिकेटपटू पाळवणकर बाळूंची लिहिली. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात मैदान राखायचे, महिन्याला चार रुपयांवर, आणि सरावाला साहेबांना गोलंदाजी टाकायचे. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. त्यांच्या पानावर उधारीची बाजू रुपयांत मांडताच येत नाही, कारण हिंदू संघातले सोबती मैदानावर त्यांचा चेंडू झेलायचे आणि चहा वेगळ्या भांड्यात द्यायचे. मुरलीकांत पेटकरांची लिहिली. 1965 च्या युद्धात गोळ्या लागलेला जवान 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर पोहून सुवर्णपदक आणतो, आणि पद्मश्री 2018 मध्ये येते. मधल्या वर्षांचं काय? चित्रपट निघाल्यावर पेटकर सगळ्यांना कळले, ते बरंच झालं. पण ती मधली वर्षं मुलांना सांगितल्याशिवाय ही गोष्ट अर्धीच.

हस्तलिखित दुकानाच्या जुन्या चलनांच्या पाठीवर लिहिलं होतं. ते एका प्रकाशकाकडे गेलं. त्यांना आवडलं, फक्त 'थोडी प्रेरणा कमी पडते' असं मत आलं. मुद्रितं तपासायला आली तेव्हा खाशाबांच्या प्रकरणाच्या शेवटी माझं नसलेलं एक वाक्य होतं: जिद्द असेल तर पैशावाचून काहीच अडत नाही. मी ते खोडलं. दुसऱ्या मुद्रितात ते परत आलं. मी परत खोडलं आणि समासात लिहिलं, 'सात हजार रुपयांवाचून अडलं होतं. पान 11 पाहा.' फोनवर बरीच हुज्जत झाली. त्यांचं म्हणणं, पालक असं पुस्तक विकत घेत नाहीत, पालकांना आशा हवी असते. माझं म्हणणं, लिंबायतमधल्या पोराला असं सांगितलं की जिद्दीनं सगळं होतं, तर ज्या दिवशी त्याचं होणार नाही त्या दिवशी तो स्वतःला नालायक समजेल. शेवटी वाक्य गेलं. मुखपृष्ठावर मात्र फाटक्या बनियनमधला, डोंगराकडे बघणारा मुलगा आला. त्याच्यापुढे माझं काही चाललं नाही.

हजार प्रतींची आवृत्ती. विक्रेत्याचं कमिशन, छपाई, वाटणावळ वजा जाता लेखकाच्या हाती काय पडतं, ते लिहिणाऱ्यांना सांगायला नको आणि न लिहिणाऱ्यांना खरं वाटणार नाही. पहिला चेक आला तेव्हा मायनं विचारलं, "कितला पैसा भेटनात?" सांगितलं. तिनं जरा वेळ हिशेब केला आणि म्हणाली, "एक पोटलानं काम शे हाई." एका पोटल्याचं काम! चूक नव्हती तिची. म्हणून मी मार्केट सोडलेलं नाही, आणि नव्यानं लिहिणाऱ्या कोणालाही पोटापाण्याचं सोडायचा सल्ला देत नाही.

दुसऱ्या पुस्तकासाठी गुजरात-महाराष्ट्रातच फिरायचं ठरवलं. भरूच जिल्ह्यातल्या इखरचा मुनाफ पटेल टाईल्सच्या कारखान्यात 35 रुपये रोजानं काम करायचा. गावातल्याच एकानं त्याला बूट घेऊन दिले आणि बडोद्याला नेलं. 2011 चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात तो होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसला 2024 मध्ये नेमबाजीत कांस्यपदक जिंकला. महाराष्ट्राला खाशाबांनंतर 72 वर्षांनी वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. त्याच्या पानावर जमेला शासनाची क्रीडा प्रबोधिनी आहे आणि रेल्वेचा पगार आहे. बीडच्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे, आईवडील वीटभट्टीवर. जमेला भारतीय लष्कर. ही नावं घेताना भाषणांत फक्त वीटभट्टी येते, लष्कर आलं तरी शिस्तीपुरतं येतं. लष्करानं दोन वेळचं पौष्टिक जेवण, बूट, प्रशिक्षक आणि महिन्याचा पगार दिला, हे कोणी म्हणत नाही.

मुद्दाम मी हरमीत देसाईचंही प्रकरण घातलं. सुरतचा, टेबल टेनिस घरातच, वडीलच शिकवणारे. 2018 आणि 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धांत सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय संघात तो होता. एका वाचकानं पत्रात विचारलं, यात कसली आली प्रेरणा, याला तर सगळं मिळालं होतं. मला तेच दाखवायचं होतं. मुलाला टेबल, चेंडू, वेळ आणि शिकवणारा मिळाला तर काय होतं ते बघा. उपाशी राहिल्यानं खेळ सुधारतो अशी एक चमत्कारिक समजूत आपल्याकडे आहे, आणि ती पसरवण्यात आम्हा प्रेरणादायी लेखकांचा हात मोठा आहे.

सगळ्यात जास्त शिकलो ते डांगमध्ये. सरिता गायकवाड तिथल्या कराडी आंबा गावची. आधी खो-खो खेळायची, मग धावायला लागली, आणि 30 ऑगस्ट 2018 ला जकार्तात आशियाई स्पर्धेत 4 गुणिले 400 मीटर रिलेत हिमा दास, पूवम्मा आणि विस्मयासोबत सुवर्णपदक जिंकली. डांगचाच मुरली गावित 2019 मध्ये दोहाला 10 हजार मीटरमध्ये आशियाई अजिंक्यपदाचं कांस्य घेऊन आला. या दोघांच्या पाठोपाठ तिथल्या पाड्यांवरून पोरं-पोरी पळायला लागली आहेत. मी एसटीनं आहवा गाठायचो आणि तिथून मिळेल त्या जीपनं पुढे. डांगी बोली आणि आमची अहिराणी यांचं नातं इतकं जवळचं की दुभाषा लागला नाही. सुरतेत मी 'महाराष्ट्रीयन', महाराष्ट्रात 'सुरतवाले'. डांगमध्ये मात्र पहिल्याच दिवशी नागलीची भाकरी पुढे आली आणि कोणी मुलूख विचारला नाही.

एका धावणाऱ्या मुलीच्या घरी बसलो होतो. नाव लिहीत नाही, ती अजून शिकते आहे. मुलगी शिबिराला गेलेली. आई ओसरीवर नागली पाखडत होती. मी विचारलं, मुलगी किती मीटर पळते? तिला सांगता येईना. चारशे का आठशे, काहीतरी आहे म्हणाली. पदकं कुठली? तेही नीट माहीत नव्हतं, सगळी खिळ्याला टांगलेली, बघा म्हणाली. मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला: भाडं किती लागलं? सूप खाली ठेवून तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. आहव्याचं, वघईचं, सुरतचं, बडोद्याचं, नडियादचं. जायचं वेगळं, यायचं वेगळं. कोणत्या खेपेला मुलीचं अर्धं तिकीट होतं, कोणत्या खेपेला पूर्ण झालं. कोणत्या वेळी मास्तरांनी भरलं, कोणत्या वेळी मामानं, कोणत्या वेळी बचत गटातून उचलले आणि ते किती हप्त्यांत फिटले. एकही आकडा अडखळला नाही. धावण्याचे बूट वरच्या वर्गातल्या मुलीचे, मापानं मोठे. पुढे कापूस भरला होता, त्या कापसाचीही किंमत तिला माहीत होती. तिच्यासारखी चरित्रकार मला नंतर भेटली नाही. तिनं सांगितलं तसं मी लिहून घेतलं आणि पुस्तकात ते पान जवळजवळ तसंच छापलं आहे. काही संपादकांना ते रुक्ष वाटलं. शिक्षकांची सगळ्यात जास्त पत्रं त्याच पानाबद्दल आली.

मुलांना मात्र आकडे रुक्ष वाटत नाहीत, हे मी पैजेवर सांगेन. लिंबायतच्या एका शाळेत खाशाबांची गोष्ट सांगत होतो. घर गहाण टाकल्याचा प्रसंग आला तसा मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, व्याज किती होतं?" बाईंनी डोळे वटारले. मला आनंद झाला. त्या मुलाच्या घरी कोणीतरी काहीतरी गहाण टाकलेलं असणार. व्याजाचा आकडा मला माहीत नव्हता, तसं सांगितलं. मग अर्धा तास मुलंच बोलत होती: गहाण म्हणजे काय, घर सोडवलं नसतं तर खर्डेकर कुठे राहिले असते, कुस्तीच्या तिकिटाचे पैसे कोण गोळा करतं, आणि पोलिसातल्या पैलवानाला खुराकाचा भत्ता मिळतो का. शेवटी एका मुलीनं विचारलं, मुलींच्या खो-खोच्या संघाला भाडं कोण देतं? मी बाईंकडे बघितलं, बाईंनी मुख्याध्यापकांकडे. पुढच्या आठवड्यात मी आमच्या मार्केटातल्या दोन-तीन पेढ्यांवर गेलो. धर्मादा खातं अजून असतं. आता ते संगणकात असतं, एवढंच. दोघांनी पैसे दिले. तिसऱ्यानं जाहिरातीचा फलक लावणार का विचारलं. लावला. त्या पोरी खेळून आल्या. पहिल्याच फेरीत हरल्या, आणि त्याबद्दल मी कुठल्याही पुस्तकात काही लिहिणार नाही, कारण हरायचं असलं तरी आधी तिथे पोचावं लागतं आणि पोचायला तिकीट लागतं.

सध्या पुढचं पुस्तक हातात आहे. यात खेळाडू कमी आणि त्यांचं भाडं भरणारे जास्त असतील: शाळामास्तर, पोलीसपाटील, तालमीचे वस्ताद, दुकानदार, बचत गट, मुंबईला गेलेले भाऊ. या माणसांची नावं वर्तमानपत्रात येत नाहीत, त्यामुळे ग्रंथालयात बसून ती सापडत नाहीत. ती सापडतात जुन्या वह्यांत. तालमीच्या, गणेश मंडळाच्या, भजनी मंडळाच्या, गावच्या सोसायटीच्या, दुकानाच्या. सुरतेत आणि खानदेशात दर दिवाळीच्या साफसफाईला अशा वह्या किलोच्या भावानं रद्दीत जातात. तुमच्याकडे अशी वही असेल, तर देण्याआधी एकदा पानं चाळा. 'सामन्यांसाठी प्रवासखर्च', 'पैलवानास खुराक', 'मुलांना बूट' असं काही दिसलं तर त्या पानाचा फोटो काढून या अंकाच्या पत्त्यावर माझ्या नावे पाठवा. देणाऱ्याचं नाव, रक्कम आणि साल एवढं वाचता आलं तरी पुरे. पान ओलं झालेलं असेल तर ओढू नका. मध्ये वर्तमानपत्र घाला आणि पंख्याखाली ठेवा.